व्यवस्थापनाची पुस्तकं कोणत्या क्रमानं वाचावीत? मराठवाड्यातल्या उद्योजकांसाठी टप्प्याटप्प्यानं मार्गदर्शन

जालन्याच्या रोलिंग मिलचं ऑफिस असो, वाळूजचं मशिन शॉप असो की लातूरच्या डाळ मिलची पेढी, मालकाच्या खुर्चीमागच्या कपाटात व्यवस्थापनाची आठ-दहा पुस्तकं हमखास असतात. काही विमानतळावर घेतलेली, काही सेमिनारमध्ये भेट मिळालेली. पहिली तीस-चाळीस पानं वाचलेली, पुढची कोरी. ज्यांनी पूर्ण वाचली, त्यांच्याही कारखान्यात फारसं काही बदललेलं दिसत नाही. कारण पुस्तक गाजलंय म्हणून घेतलं जातं. धंद्याला आज काय नडतंय, हे त्या वेळी डोळ्यांसमोर नसतं. उधारी अडकलेली असताना माणूस जागतिक कंपन्यांच्या रणनीतीवर वाचत बसतो आणि ऑपरेटर टिकत नसताना स्टार्टअपच्या गुंतवणुकीवर.

खालचा क्रम पाच ते शंभर माणसं कामाला असलेल्या कारखानदारांसाठी, प्रक्रिया उद्योजकांसाठी आणि घाऊक व्यापाऱ्यांसाठी आहे. अट एकच: एका पुस्तकातलं काम धंद्यात उतरल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

## पुस्तक घेण्याआधीची तयारी

१. अडचण एका वाक्यात लिहा. "धंदा वाढवायचाय" हे वाक्य चालणार नाही. "ऑर्डर आहेत, पण २० तारखेनंतर कच्च्या मालाला पैसे उरत नाहीत" हे चालेल. "मी दोन दिवस गावाला गेलो की डिस्पॅच थांबतो" हेही चालेल. वाक्यात आकडा, तारीख किंवा नेमकी जागा आलीच पाहिजे. ती येत नसेल तर अडचण अजून तुम्हालाच नीट कळलेली नाही.

२. आजचे आकडे काढून ठेवा. मागच्या १२ महिन्यांची महिनावार विक्री, पार्टीवार येणं आणि ते किती दिवसांचं आहे, देणं, कच्च्या-अर्धवट-तयार मालाचा साठा, रिजेक्शन किंवा घट, आणि सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेनं दिलेली उचल) खात्याचा उतारा. सीएकडचा ताळेबंद मार्चअखेरचा असतो; तुम्हाला या महिन्याचे आकडे हवेत. टॅलीत (हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) नोंदी वेळच्या वेळी होत असतील तर अकाउंटंट हे सगळं एका बैठकीत काढून देईल. नोंदीच दोन महिने मागे असतील तर पुस्तकाची खरेदी पुढे ढकला आणि आधी त्या पूर्ण करून घ्या.

३. हंगाम पाहून वाचायला बसा. सोयाबीन आणि कापसाची आवक सुरू झाली की ऑइल मिल आणि जिनिंगवाल्याला मान वर करायला वेळ नसतो. डाळ मिलवाल्याचं तेच नव्या तुरीच्या वेळी, वसमतच्या हळदवाल्याचं मार्चनंतर. या काळात सुरू केलेलं पुस्तक हमखास अर्धवट राहतं. तुमच्या धंद्यातले दोन-तीन मंदीचे महिने निवडा.

४. भाषेचा प्रश्न आधीच मिटवा. इंग्रजीत पटापट वाचता येत नाही याचा संकोच करण्याचं कारण नाही. अच्युत गोडबोले आणि अतुल कहाते यांचं 'बोर्डरूम' मूळ मराठीतच आहे. व्यवस्थापनातल्या कल्पना आणि शब्द कानावरून जाण्यासाठी ते आधी वाचा. अनुवाद घेताना दुकानात उभ्या उभ्या एक पान वाचून बघा, तेही प्रस्तावनेचं नको, जिथे हिशोब किंवा पद्धत समजावली आहे ते. तेवढं पान दोनदा वाचूनही कळलं नाही तर तो अनुवाद घेऊ नका. घरातला शिकलेला मुलगा, सून, मुलगी किंवा अकाउंटंट यांच्यासोबत मूळ इंग्रजी वाचणं त्यापेक्षा बरं, कारण त्या निमित्तानं धंद्याचे आकडे दोन डोक्यांसमोर येतात.

*इशारा:* व्हॉट्सअॅपवर फिरणारे "एका पानात अख्खं पुस्तक" असे सारांश वाचून काम सुरू करू नका. सारांशात निष्कर्ष असतो, तिथवर पोचायची रीत नसते. आणि कामी रीतच येते.

## टप्पा १: पैसा कुठे अडकतो ते शोधा

पहिलं पुस्तक: राम चरण यांचं 'व्हॉट द सीईओ वॉन्ट्स यू टू नो' (२००१).

लेखक उत्तर भारतातल्या छोट्या गावात, चपलांचं दुकान चालवणाऱ्या कुटुंबात वाढले. रस्त्यावरचा फळवाला आणि अवाढव्य कंपनीचा प्रमुख एकाच पद्धतीनं विचार करतात, हे त्यांचं म्हणणं. रोख रक्कम, नफ्याचं प्रमाण, माल फिरण्याचा वेग, वाढ आणि ग्राहक एवढ्या पाच गोष्टींवर सगळं पुस्तक उभं आहे. पुस्तक छोटं आहे, आठवड्यात संपतं. वेळ लागतो तो पुढच्या कामाला.

काय करायचं: आपल्या पैशाची फेरी किती दिवसांची आहे ते मोजायचं. समजा उदगीरच्या एका डाळ मिलची विक्री रोज सरासरी २ लाखांची आहे. आडतीवर तूर घेतली की ७ दिवसांत पैसे द्यावे लागतात. तूर आणि डाळ मिळून साठा सरासरी ४५ दिवस पडून असतो. डाळ गेल्यावर पैसे यायला ४० दिवस लागतात. ४५ अधिक ४०, वजा ७, म्हणजे ७८ दिवस. रोजचे २ लाख धरले तर ढोबळमानानं १ कोटी ५६ लाख रुपये कायम धंद्यात अडकून असतात. आता उधारी फक्त ४० वरून ३० दिवसांवर आणा. २० लाख मोकळे होतात. सीसीचा दर १० टक्के धरला तर वर्षाला २ लाखांचं व्याज वाचतं, तेही एक क्विंटल डाळ जास्त न विकता.

दुसरा हिशोब वेगाचा. एका मालावर ३ टक्के सुटतात पण तो वर्षात ८ वेळा फिरतो; दुसऱ्यावर ६ टक्के सुटतात पण तो ३ वेळाच फिरतो. पहिल्यात गुंतवलेल्या शंभरावर वर्षाला २४ मिळतात, दुसऱ्यात १८. "यात मार्जिन जास्त आहे" म्हणून जो माल आपण गोदामात भरून ठेवतो, त्याची हीच तपासणी करायची असते. आपल्याकडे भाव वाढेल या आशेवर माल धरून ठेवायची सवय जुनी आहे. भाव खरंच वाढतो तेव्हाही साठवणुकीचं व्याज, घट आणि कीड वजा करून काय उरलं, ते लिहून बघा.

पुस्तकात नसलेली एक गोष्ट: तुम्ही उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक अथवा सेवा देणारे असाल, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार खरेदीदाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढीनं व्याज लागतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मोठ्या पार्टीशी भांडायची गरज नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापा, आणि मार्चच्या आधी त्यांच्या अकाउंट विभागाला नम्र पत्र पाठवा. निव्वळ व्यापाऱ्यांना मात्र उशिराच्या पैशांबाबतचं हे संरक्षण नाही.

*तपासा:* फेरीचे दिवस आता तोंडपाठ आहेत का? सर्वांत जास्त दिवस लावणाऱ्या तीन पार्ट्या कोणत्या, हे न बघता सांगता येतं का? नसेल तर टप्पा २ कडे जाऊ नका.

## टप्पा २: मालकाचा दिवस कुठे जातो ते पाहा

पुस्तक: पीटर ड्रकर यांचं 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह'. साठच्या दशकातलं आहे, भाषा जरा जड आहे, पण वेळेवरचं प्रकरण आजही तितकंच लागू आहे. ते प्रकरण आधी वाचा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

ड्रकर नियोजनापासून सुरुवात करत नाहीत. वेळ प्रत्यक्षात कुठे जातो, ते आधी लिहून काढायला सांगतात, आणि तेही घडत असताना. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदीवर त्यांचा विश्वास नाही.

काय करायचं: दोन आठवडे खिशात छोटी वही ठेवा. दर अर्ध्या तासाला काय केलं ते चार शब्दांत लिहा. "बँकेत, सही." "पार्टीचा फोन, दराची घासाघीस." "ट्रकवाल्याशी भाडं." "लग्नाला." होय, लग्न, तेरावं, सत्कार हेही लिहायचं. आपल्याकडे या गाठीभेटींवर धंदा चालतो, त्या बंद करायच्या नाहीत. पण त्यांना किती वेळ जातो, ते कळलं पाहिजे.

मग प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा. हे केलंच नसतं तर काय बिघडलं असतं? हे दुसरं कुणी करू शकलं असतं का? माझ्यामुळे इतरांचा वेळ वाया जातो का? तिसरा प्रश्न बोचतो, पण तोच कामाचा. पाचशे रुपयांच्या खरेदीलाही मालकाची सही लागत असेल, तर मेंटेनन्सचा माणूस बेअरिंगसाठी दुपारपर्यंत दारात उभा राहतो आणि मशिन बंद असतं.

*इशारा:* वही दुसऱ्याला लिहायला लावू नका.

## टप्पा ३: काम कुठे तुंबतं ते शोधा

पुस्तक: एलियाहू गोल्डरॅट यांचं 'द गोल' (१९८४).

ही कादंबरी आहे. बंद पडायला आलेल्या एका कारखान्याचा मॅनेजर तो कसा वाचवतो, याची गोष्ट. ज्यांना व्यवस्थापनाची पुस्तकं कंटाळवाणी वाटतात, त्यांचंही हे वाचून होतं. उत्पादनात असणाऱ्यानं एकच पुस्तक वाचायचं ठरवलं, तर मी हेच हातात देईन.

मुद्दा असा: अख्ख्या कारखान्याचा वेग त्यातल्या सर्वांत हळू जागेइतकाच असतो. त्या जागी वाया गेलेला तास हा सगळ्या कारखान्याचा वाया गेलेला तास. इतर ठिकाणी वाचवलेल्या तासाचा काही उपयोग नाही, नुसता अर्धवट माल वाढतो.

काय करायचं: वाळूजमध्ये दुचाकीचे पार्ट करणारं एक मशिन शॉप डोळ्यांसमोर आणा. एका शिफ्टमध्ये कटिंग ४०० पीस करतं, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशिन) टर्निंग २६०, ड्रिलिंग ३००, ग्राइंडिंग १५०, तपासणी २२०. मालकाला वाटतं सीएनसी कमी पडतंय, कारण तिथला ऑपरेटर सतत घाईत दिसतो. तो नव्या सीएनसीसाठी बँकेत फाइल घालतो. मशिन आल्यावर ग्राइंडिंगपुढच्या क्रेटची रांग लांब होते आणि हप्ता सुरू होतो. डिस्पॅच १५० चा १५० च राहतो.

पुस्तकातल्या क्रमानं गेलं तर असं होईल:

१. तुंबणारी जागा शोधा. कॉम्प्युटर नको, शॉपमध्ये फिरा आणि कोणत्या मशिनसमोर अर्धवट मालाचा ढीग रोज असतो ते बघा.

२. त्या जागेतून आहे तेवढ्यातच जास्तीत जास्त काम काढा. जेवणाच्या सुटीत ग्राइंडर बंद राहू नये म्हणून सुट्या पुढे-मागे ठेवा. व्हील ड्रेसिंगची (ग्राइंडरच्या चाकाला धार काढण्याची) आणि सेटिंगची तयारी आधीच करून ठेवा. आणि सर्वांत महत्त्वाचं: मापात न बसणारा पीस ग्राइंडिंगच्या आधीच बाजूला काढा. आधीच बाद झालेल्या पीसवर ग्राइंडिंगचा वेळ घालवणं हे रोज होणारं आणि कुणाच्या लक्षात न येणारं नुकसान आहे.

३. बाकीची मशिन त्या तुंबणाऱ्या जागेच्या चालीनं चालवा. टर्निंगवाल्याला २६० काढायला लावू नका. इथे फोरमनचा विरोध होतो, कारण रिकामं मशिन आणि रिकामा माणूस त्याला बघवत नाही. त्याला शेजारी बसवून हे गणित समजावून सांगा.

४. एवढं करूनही कमी पडलं तरच पैसा घाला: दुसरं ग्राइंडर, दुसरी शिफ्ट किंवा बाहेरून जॉब वर्क.

५. आता तुंबणारी जागा बदललेली असेल. पुन्हा पहिल्यापासून.

मशिन शॉप नसेल तरी हेच लागू पडतं. डाळ मिलमध्ये ढगाळ दिवसांत काम वाळवणीवर अडतं, मिलच्या क्षमतेवर नाही. कधी ते वीज ट्रिप होण्यावर अडतं, तर कधी दर सोमवारी न येणाऱ्या एकाच कुशल माणसावर.

*तपासा:* तुंबणारी जागा कोणती, हे फोरमन, अकाउंटंट आणि तुम्ही वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा. तीन चिठ्ठ्यांवर तीन नावं आली तर पायरी एक पुन्हा करा.

## टप्पा ४: काम माणसाच्या डोक्यातून कागदावर आणा

इथे तीन पुस्तकं आहेत. अडचणीप्रमाणे एकच निवडा.

सगळं मालकावर अडत असेल तर मायकल गर्बर यांचं 'द ई-मिथ रिव्हिजिटेड'. चांगला कारागीर असणं वेगळं आणि त्या कारागिरीचा धंदा चालवणं वेगळं, हे त्यात 'पाय' (pie) नावाचा भाजलेला पदार्थ बनवणाऱ्या एका बाईच्या दुकानावरून सांगितलंय. उत्तम वेल्डर होता म्हणून फॅब्रिकेशनची शेड टाकली आणि आता ना वेल्डिंग होतं ना धंदा, अशी स्थिती असलेल्यांनी हे घ्यावं.

तीच तीच चूक पुन्हा होत असेल तर अतुल गावंडे यांचं 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' (२००९). लेखक अमेरिकेतले सर्जन. त्यांच्या वडिलांचं गाव मराठवाड्याच्या हद्दीला लागून असलेल्या उमरखेड तालुक्यातलं उटी. अनुभवी माणसंही साध्या गोष्टी विसरतात आणि छोटी यादी ती चूक अडवते, हे त्यांनी शस्त्रक्रिया, विमानं आणि बांधकामाच्या उदाहरणांनी दाखवलंय. यादी पाच ते नऊ ओळींची असावी. डिस्पॅचची यादी अशी होईल: बॉक्सची मोजणी आणि बिलातली संख्या जुळली, लेबलवरचा पार्ट नंबर बघितला, तपासणी अहवाल जोडला, ई-वे बिलावरचा (जीएसटीच्या माल वाहतूक परवान्यावरचा) गाडी नंबर गाडीशी ताडला, ताडपत्री बांधली. ही यादी ऑफिसात बसून लिहू नका. जो माणूस माल भरतो, त्याच्याकडून लिहून घ्या, त्याच्याच मराठीत.

सुपरवायझरची फळी उभी करायची असेल तर अँड्र्यू ग्रोव्ह यांचं 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' (१९८३). ग्रोव्ह इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख होते. नाश्ता बनवण्याच्या उदाहरणानं सुरू होतं, त्यामुळे पहिली प्रकरणं सोपी जातात. त्यातली एक सवय लगेच उचला: प्रत्येक सुपरवायझरसोबत ठरलेल्या वेळी, समोरासमोर, एकट्यानं बसणं. बैठकीचे विषय सुपरवायझरनं आणायचे, तुम्ही ऐकायचं.

*इशारा:* पुस्तक वाचून झाल्यावर सोमवारी सगळ्यांना गोळा करून "आजपासून नवी पद्धत" अशी घोषणा करू नका. लोकांनी अशा घोषणा पाहिलेल्या असतात; महिनाभर थांबलं की त्या विरतात हे त्यांना ठाऊक असतं. एका विभागात, एका यादीनं सुरू करा.

## टप्पा ५: नवा माल, नवा बाजार

पहिल्या चार टप्प्यांनंतरच इकडे या. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि जुन्या धंद्यातलं खेळतं भांडवल नव्यात बुडवतात.

ड्रकर यांचं 'इनोव्हेशन अँड आंत्रप्रनरशिप' (१९८५) नव्या संधीचे सात उगम सांगतं. पहिलाच विचार करायला लावणारा आहे: अनपेक्षित यश. तुमच्याकडे कोणता माल तुम्ही न ढकलता विकला जातोय? कोणता ग्राहक तुम्ही न शोधता आला? विक्रीच्या वहीत ते आधीच लिहिलेलं असतं.

एरिक रीस यांचं 'द लीन स्टार्टअप' (२०११) सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत आहे, त्यातली यंत्रणा तेवढी घ्या: मोठा खर्च करण्याआधी छोट्या प्रमाणात बाजारात उतरून बघणं. हळदीचं पॅकिंग मशिन घेण्याआधी हातानं भरलेली २०० पाकिटं वसमत आणि नांदेडच्या पाच किराणा दुकानांत ठेवा (खाद्य परवाना आणि लेबलचे नियम पाळूनच). पहिली विक्री मोजू नका. ओळखीखातर दुकानदार एकदा माल ठेवतोच. त्यानं दुसऱ्यांदा स्वतःहून फोन करून मागवला का, ते मोजा. किती दुकानांनी मागवलं तर मशिन घ्यायचं, हा आकडा पाकिटं ठेवण्याआधी कागदावर लिहा. नंतर ठरवलात तर मन आपल्याला हवा तोच आकडा काढतं.

भाऊ-भाऊ किंवा काका-पुतणे मिळून धंदा असेल तर विस्ताराआधी कविल रामचंद्रन यांचं 'द टेन कमांडमेंट्स फॉर फॅमिली बिझनेस' सगळ्यांनी वाचावं. भारतीय कुटुंबांचा विचार करून लिहिलेलं आहे. कोण किती पगार घेणार आणि पुढची पिढी कशी आत येणार, ही बोलणी धंदा चांगला चालू असतानाच होतात.

## चरित्रं आणि यशकथा कशा वाचायच्या

वर्गीज कुरियन यांचं 'माझंही एक स्वप्न होतं', शंतनुराव किर्लोस्करांचं 'कॅक्टस अँड रोझेस', गिरीश कुबेर यांचं 'टाटायन' ही पुस्तकं उमेद देतात, ती जरूर वाचा. मात्र त्यांतून पद्धत उचलायची नाही, निर्णय तपासायचे. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं तज्ज्ञ सांगत असताना कुरियन यांच्या अमूल डेअरीत, आणंदला ती केली गेली. त्या वेळी त्यांच्याकडे पैसा किती होता, कुणाचा पाठिंबा होता, दुसरा कोणता मार्ग शिल्लक होता? जादा दुधाचं करायचं काय हा प्रश्न रोजचा होता, म्हणून तो धोका पत्करला गेला. दुधाच्या धंद्यातल्यांनी ती पानं दोनदा वाचावीत.

यशाची सूत्रं सांगणाऱ्या पुस्तकांबाबत जपून. जिम कॉलिन्स यांचं 'गुड टू ग्रेट' (२००१) मेहनतीनं केलेल्या अभ्यासावर उभं आहे आणि वाचनीयही आहे. पण त्यातल्या ११ कंपन्यांपैकी सर्किट सिटी या दुकानसाखळीनं २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वर्षी गृहकर्जाच्या धंद्यातली फॅनी मे सरकारी ताब्यात गेली. यशस्वी झालेल्यांचंच पाहून काढलेला नियम, त्याच वाटेनं गेलेल्या पण बुडालेल्यांनाही लागू होता का, हे अशा पुस्तकांतून कळत नाही.

## पुढचं पुस्तक कधी उघडायचं

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तीन ओळी लिहा: काय बदललं, कोण करतं, कोणता आकडा हलला. तीन महिन्यांनी तेच पान उघडा. आकडा हलला असेल आणि काम तुमच्याशिवाय चालू असेल, तर पुढचं घ्या. काम बंद पडलं असेल तर तेच पुस्तक, तेच प्रकरण, या वेळी फोरमनसोबत. त्याच्यासाठी दुसरी प्रत विकत घ्या. मालकाच्या कपाटातली मागायला तो येणार नाही.

पन्नास पानांनंतरही तुम्ही लिहिलेल्या वाक्याशी पुस्तकाचा काही संबंध दिसत नसेल, तर ते बिनदिक्कत बंद करा आणि जवळच्या वाचनालयाला देऊन टाका.